आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण मराठीतून लिहिलेत, म्हणून उत्तरही मराठीतूनच देत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: सात आठवड्यांपूर्वी आपण आमच्या ह्यूस्टनच्या दुकानातून, घरी ९ मिमीची काडतुसे भरण्यासाठी, आमच्याकडचा सर्वांत स्वस्त प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एका ओढीत अनेक कामे करणारे, काडतुसे भरण्याचे यंत्र) नेलात, विक्रेत्याने ताशी ५०० काडतुसे होतील असे सांगितले आणि प्रत्यक्षात दीडशेही होत नाहीत, प्रायमर (काडतुसाच्या बुडात बसणारी, ठिणगी देणारी छोटी टोपी) आडवे होऊन अडकतात आणि पावडर (बंदुकीची दारू) सांडते, यंत्र परत आणले तेव्हा आम्ही १५ टक्के कापण्याची भाषा केली आणि वर जवळजवळ तिप्पट किमतीचे यंत्र पुढे केले, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे "मराठी माणसाने मराठी माणसाला व्हिसा विचारला". प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो, पण आपल्या क्रमाने नाही, कारण एक गोष्ट तक्रारीपेक्षा तातडीची आहे.

आपण अभिप्रायाला जोडलेल्या छायाचित्रात यंत्राच्या डाव्या बाजूला लोणच्याची काचेची बरणी आहे आणि तीत प्रायमर सुटे ओतून ठेवलेले दिसतात. कृपया ती बरणी हलवू नका, तीत भर घालू नका, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि पुढे काय करायचे ते ठरवण्यासाठी आधी दुकानात फोन करा. अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या मानकानुसार घरात १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात, तेव्हा प्रश्न संख्येचा नाही. कारखान्याच्या वेष्टनात प्रत्येक प्रायमर वेगळ्या खाचेत बसवलेला असतो, तो एक पेटला तर शेजारचा पेटू नये म्हणून. बरणीत ते एकमेकांना टेकलेले असतात आणि एक उडाला की सगळे एकदम उडतात, काचेसकट. हे आमच्या विक्रेत्याने यंत्र देतानाच सांगायला हवे होते. त्याने सांगितले नाही, हा दोष आमचा.

आता ताशी ५०० या आकड्याबद्दल. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये शेलप्लेटवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, तीन, चार किंवा पाच केसेस (काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या) एकाच वेळी बसतात, दांडा एकदा ओढला की प्रत्येक केसवर वेगळे काम होते, आणि सगळी स्टेशने, म्हणजे केसेसच्या जागा, भरलेली असली तर दर ओढीला एक तयार काडतूस खोक्यात पडते. त्या हिशेबाने आकडा खोटा नाही, पण दळणाला किती वेळ लागतो हे सांगताना गहू निवडण्याचा वेळ जसा कोणी धरत नाही, तसाच तो आकडा आहे. केसेस धुणे, निवडणे, प्रायमर भरणे, दर काही काडतुसांनंतर थांबून पावडर वजनकाट्यावर तपासणे, हे त्यात धरलेले नसते. नवख्या माणसाने पहिल्या दोन महिन्यांत ताशी सव्वाशे-दीडशे काडतुसे नीट भरली, तर मी त्याला शाबासकी देईन. विक्रेत्याने आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली, हे मात्र कबूल करतो.

प्रायमर का अडकतात, याचे उत्तर आपल्या पिशवीत सापडले. आपण परत आलात तेव्हा नेमबाजीच्या रेंजवरून गोळा केलेल्या केसेसची पिशवी काउंटरवरच राहिली होती. ती मी नंतर ट्रेमध्ये ओतून पाहिली. भिंगाखाली ५० केसेस मोजल्या. त्यांतल्या ११ केसेसच्या बुडावर वर्तुळातली फुली होती. ती नाटोची खूण आहे. लष्करी काडतुसांत प्रायमर निसटू नये म्हणून त्याच्या भोवतीची पितळेची कड आत दाबलेली असते. जुना प्रायमर निघून जातो, कड तशीच राहते, आणि नवा प्रायमर तिच्यावर आपटून तिरका होतो किंवा चेपतो. एका ओढीत एकच काम करणाऱ्या सिंगल स्टेज प्रेसवर हे हाताला लगेच कळते आणि माणूस थांबतो. प्रोग्रेसिव्हमध्ये एकाच दांड्यावर तीन कामे चाललेली असल्याने नेमके कुठे अडले ते नव्या हाताला कळत नाही. तो जोर लावतो आणि पुढचे सगळे बिघडते. त्या केसेस वेगळ्या काढा किंवा स्वेजिंगच्या हत्याराने त्यांची कड मागे सारून घ्या. या खुणेवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका, कारण फुली नसलेल्या केसेसमध्येही अशी दाबलेली कड आढळते.

दुसरे कारण छायाचित्रातच आहे. यंत्र घडीच्या प्लास्टिक टेबलाला शिकंजाने आवळलेले दिसते. आपल्या यंत्रात प्रायमर उतरत्या नळीतून स्वतःच्या वजनाने खाली येतात, म्हणजे मागच्यांच्या भाराने पुढचा जागेवर जातो. टेबल हलले की पुढचा प्रायमर कलतो, आणि नळीत शेवटचे दहा-पंधरा उरले की मागून भारच नसतो. पावडर सांडते तीही याच हिसक्याने, भरलेल्या उघड्या केसमधून. जाड लाकडी फळी भिंतीच्या खांबांना बोल्टने बसवा, नळी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. यंत्र स्वस्त आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, पण त्याची मिजास सांभाळावी लागते हे खरे आहे, आणि महाग यंत्राचे जास्तीचे पैसे बहुतांशी याच प्रायमरच्या व्यवस्थेसाठी जातात.

आमच्या माणसाने आपल्याला "शेलप्लेटवर एका वेळी एकच केस ठेवून शिका" असे सांगितले, ते आपल्याला टोलवाटोलवी वाटले. तो सल्ला माझा आहे आणि मी तो मागे घेणार नाही. ९ मिमीच्या केसमध्ये बऱ्याच पावडरींचे माप इतके थोडे असते की ते चुकून दुप्पट पडले तरी बाहेर सांडत नाही. चूक डोळ्याने केसमध्ये डोकावले तरच दिसते. आपल्या तीन स्टेशनांच्या यंत्रात पावडरची पातळी तपासणाऱ्या डायला (डाय म्हणजे केसवर एकेक काम करणारा, प्रेसमध्ये बसवायचा साचा) जागाच नाही, म्हणून वरून दिवा लावून प्रत्येक केसमध्ये पाहणे, आणि काही अडले की प्लेटवरच्या सगळ्या केसेस बाजूला काढून नव्याने सुरुवात करणे, एवढेच हाती राहते. अडकलेला प्रायमर सोडवण्याच्या नादात दांडा अर्धवट वर-खाली करणे हाच सर्वांत धोक्याचा क्षण असतो. (पावडरचे माप किती, हे आम्ही काउंटरवर कोणालाही सांगत नाही. ते छापील पुस्तिकेतूनच घ्यावे.)

आपल्याला जे जवळजवळ तिप्पट किमतीचे निळे यंत्र दाखवले ते डिलन कंपनीचे ५५० होते. त्याला चार स्टेशने आहेत आणि शेलप्लेट हाताने फिरवावी लागते. काहींना ते मागासलेपण वाटते, पण अडचण आली की प्लेट आपल्या मर्जीशिवाय पुढे सरकत नाही, याचा शिकाऊ माणसाला उपयोगच होतो. प्लेट फिरवायला विसरलात तर मात्र त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा पावडर पडू शकते, तेव्हा डोकावून पाहणे तिथेही चुकत नाही. यंत्र चांगले आहे. तरीही चिडून आलेल्या ग्राहकासमोर ते ठेवणे ही दुकानदारी झाली, आणि आपल्याला तिचा राग आला यात नवल नाही.

खरे तर आपल्याला ते यंत्रही नको होते आणि आपण नेलेलेही नको होते. आपण महिन्याला सुमारे २०० काडतुसे झाडता, असे आपणच लिहिले आहे. हा प्रश्न आम्ही विक्रीच्या वेळीच विचारायला हवा होता. समजा घरी भरलेल्या प्रत्येक काडतुसामागे ८ सेंट वाचले, तर महिन्याला १६ डॉलर झाले. महिन्याला ८०० झाडणाऱ्याचे ६४ डॉलर वाचतात, आणि त्याला वेगाचा उपयोग आहे. २०० वाल्याला ली कंपनीचा चार डायांचा टरेट प्रेस पुरतो: एका वेळी एकच केस, चार ओढींत एक काडतूस, डाय आपोआप फिरतात, आणि सवय झाली की तासाला दीडशे तरी सहज होतात. तो आपण नेलेल्या यंत्रापेक्षा स्वस्तही आहे. पुढे रायफलची .२२३ मापाची काडतुसे भरण्याचा आपला विचार आहे असे दिसते. त्यात केसला वंगण लावणे आणि तिची लांबी कापून मापात आणणे ही जास्तीची कामे येतात, तिथे प्रोग्रेसिव्हचा वेग आणखीच कमी उपयोगाचा ठरतो.

आता व्हिसा. प्रेस हे नुसते हत्यार आहे, ते कोणालाही विकता येते, आणि ते विकताना आपल्याला काहीही विचारले गेले नाही. विचारले ते आपण प्रायमर आणि पावडर मागितलीत तेव्हा, कारण इथल्या संघीय कायद्याच्या व्याख्येत केस, प्रायमर, बुलेट आणि पावडर हे सगळे "दारूगोळा" याच शब्दात मोडते. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे ठराविक अपवाद सोडता, दारूगोळा बाळगता येत नाही, आणि हे ठाऊक असताना तो विकणारा दुकानदारही गुन्हेगार ठरतो. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही, आणि आपण ते दाखवताच विषय संपला. हा प्रश्न आम्ही प्रत्येकालाच विचारतो. आडनाव ऐकून तो गाळला असता, तर तो पक्षपात ठरला असता.

"मित्रांना भरून देऊन यंत्राची किंमत वसूल करीन" असेही आपण लिहिले आहे. स्वतःसाठी भरायला संघीय परवाना लागत नाही, पण विकण्यासाठी भरायला उत्पादकाचा परवाना लागतो. तो बेत सोडून द्यावा.

पैशांबद्दल: उघडलेल्या यंत्रावर १५ टक्के कापण्याचा नियम पावतीवर छापलेला आहे, पण चुकीचे यंत्र आम्ही दिले असताना तो आपल्याला लावणे योग्य नाही. पूर्ण रक्कम परत मिळेल, किंवा टरेट प्रेस घेऊन उरलेले पैसे मिळतील, किंवा हेच यंत्र ठेवायचे असेल तर मी स्वतः ते बसवून, जुळवून दाखवीन. प्रायमर आणि पावडर मात्र आम्ही कोणाकडूनच परत घेत नाही.

शनिवारी दुकान नऊला उघडते आणि दहापर्यंत गर्दी नसते. येताना यंत्र, शेलप्लेट आणि सगळे डाय आणा. केसेसची पिशवी इथेच जपून ठेवली आहे. ती बरणी मात्र गाडीत घालून आणू नका.

आपला,
दुकानमालक