‘नागमोडी’ नदी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भीमा नदी नागमोडी आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता : “नदी जरा वाकली की लगेच नागमोडी! पंढरपूरला एकच वळण आहे, अर्धचंद्रासारखं. आधी शाळेचा भूगोल वाचा, मग लिहा. तुर्कस्तानातली नदीही उगाच आणलीत. नकाशाला प्रमाण नाही.”

नकाशाला प्रमाण हवं होतं, मान्य. टाकलं आहे.

पण ‘शाळेचा भूगोल वाचा’? ज्याची हयात टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) शिकवण्यात गेली त्याला हे सांगताय. मतभेद खुशाल असू देत, ही दटावणी कशाला?

बरं, मोजूनच बघू. १:५०,००० चं टोपोशीट घ्या. पात्राच्या मधोमध ओला दोरा बसवत जा. कोरडा वळणावर उसळतो. काठाकाठाने जाऊ नका, दोन्ही काठांची लांबी सारखी नसते. मग त्याच दोन टोकांमधलं अंतर खोऱ्याच्या मध्यरेषेवरून मोजा. दोरा १८ सेंटीमीटर भरला तर पात्र ९ किलोमीटर. खोरं १० सेंटीमीटर, म्हणजे ५ किलोमीटर. भागाकार १.८. हा आकडा १.५ च्या पुढे गेला की पात्राला नागमोडी म्हणायचं, हा रूढ संकेत आहे. ‘जरा वाकली की’ नव्हे!

चुकतं कुठे? टोकाला टोक जोडून पट्टी लावतात. खोरंच वळलेलं असेल तर त्याचं वळणही नदीच्या खात्यावर पडतं आणि आकडा फुगतो. शिवाय तुकडा आखूड घेतात. उजवं-डावं मिळून एक आवर्तन साधारण पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट लांब असतं. पात्र २०० मीटर रुंद, तर एका आवर्तनाला २ ते २.८ किलोमीटर. अशी पाच-सहा तरी हवीत. एकट्या पंढरपूरच्या वळणावर आकडा काढायचाच नसतो. मी ‘भीमा’ लिहिलं होतं, आपण फक्त चंद्रभागा वाचलीत.

आणि हो, आकार नागमोडी म्हणजे नदी सरकतेच असं नाही. बाहेरचा काठ झिजून आतल्या बाजूला वाळू साचते ती गाळाच्या काठांत. खडकात रुतलेलं पात्र जवळपास जागीच राहतं. तिथे नालाकृती सरोवर, म्हणजे नदीने तोडून मागे टाकलेलं वळण, शोधत बसू नये.

तुर्कस्तानचं म्हणाल, तर नागमोडी वळणासाठीची ‘मिअँडर’ ही इंग्रजी संज्ञाच तिथल्या मेंडरेस नदीच्या ग्रीक नावावरून, मायान्द्रोसवरून आली. उगाच कसं?

आपला आकडा कळवा, शीट क्रमांकासकट. शक्यतो आवाज न चढवता.