पोरीच्या कमरेवर बोलणाऱ्या बायांसाठी

आज डोकं फिरलंय. भाचीला घेऊन तालुक्याला ड्रेस शिवायला टाकायला गेले होते. माप घेता घेता दुकानातली बाई चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, "माय वं, पोट्टीचं सीट तं पाह्य केवढं!" सीट म्हणजे कमरेखालचा घेर. पोरगी 17 वर्षांची. काळीपिवळीत शब्द बोलली नाही, रात्री भाकर नको म्हणाली. आता मोबाइलवर कंबर बारीक करायचे व्हिडिओ पाहत बसली आहे.

अरे, हाड आहे ते! व्यायामानं चरबी उतरेल, मांस भरेल, हाड कसं अरुंद होईल? लहानपणी पोराचं अन् पोरीचं कमरेचं हाड जवळपास सारखंच असतं. दोन्ही बाजूला तीन-तीन तुकडे, मधे कूर्चा, म्हणजे हाडासारखा पण मऊ, लवचिक भाग. वयात येताना पोरीच्या अंगात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वाढतं, तसं ते आडवं रुंदावतं, तुकडे सांधतात. वरची कड तर विशीत जाऊन पक्की होते. कोणाचं किती रुंदावणार, हे बरंचसं आईबापाकडूनच येतं. आमच्या आईची ठेवण हीच, बहिणीची हीच. मग पोरगी कोणावर जाणार?

अन् बारीक असलं तरी सुटका कुठे? मला पाहायला आले तेव्हा त्यांच्यातल्या एकीनं माझ्या कमरेला हात लावून पाहिला होता. "हाडं टोचतात हिची, बायतपन झेपन काय हिले?" अंगावर मांस नव्हतं, म्हणून कड वर दिसायची, बस. तो हात मला अजून आठवतो. माझी बाळंतपणं नॉर्मल झाली, अन् रुंद कमरेच्या बहिणीचं सिझर. बाहेरून कंबर केवढी दिसते, त्यावरून आतली वाट कळत नाही. डॉक्टरही हाड बघतात, मान्य. पण ते आतून तपासतात, बाळाचं डोकं, त्याची ठेवण बघतात. पोहे खाता खाता नाही.

दुकानातली बाई मनानं वाईट नसेल. तिलाही वयात येताना कोणी असंच बोललं असेल, अन् तिनंही गुपचूप ऐकून घेतलं असेल. पण माझी भाची उपाशी झोपली, त्याचं काय?

कमरेत दुखत असेल, पोरगी लंगडत असेल, एक बाजू वर-खाली दिसत असेल, तर दवाखान्यात न्या. नाहीतर तिच्यासमोर तोंड उघडू नका. माझ्या घरात तर नाहीच, मग बोलणारी माहेरची असो की सासरची.