पी-व्हॉल्व्ह गळला म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, ड्रायसूटला (डाइव्हिंगचा, आत पाणी न येणारा सूट) आमच्याकडून बसवून घेतलेला पी-व्हॉल्व्ह (लघवी सूटच्या बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) पहिल्याच डाइव्हला गळला, अंडरसूट (आत घालायचे गरम कपडे) ओला झाला, वर स्टाफने नको ते प्रश्न विचारले, पैसे परत द्या असं म्हणताय. ओल्या अंडरसूटमध्ये कुडकुडत डेको (वर येताना थांबत थांबत यायचं ते) पूर्ण करायचा म्हणजे डोकं फिरणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण व्हॉल्व्ह गळलेला नाहीये हो.

सूट तुम्ही आणून दिलात तेव्हा गळा आणि मनगटं बंद करून आत हवा भरली, व्हॉल्व्हच्या कडेने साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. आणि तुम्हीच सांगितलंत की आधी गरम लागलं, मग गार पडलं. बाहेरचं पाणी आत आलं असतं तर पहिल्यापासून गारच लागलं असतं ना, आणि तेही मांडीवर, व्हॉल्व्हच्या भोकापाशी. तुमचा अंडरसूट ओला होता वर जांघेत. म्हणजे कंडोम कॅथेटर (लिंगावर चिकटवायचं कंडोमसारखं आवरण, ते नळीने व्हॉल्व्हला जोडतात) निसटला.

आता ते नको ते प्रश्न. ते साइजचे होते सर. कॅथेटर मिलिमीटरच्या मापात येतो, अंदाजाने एक साइज मोठा उचलला (बहुतेक पुरुष मोठाच उचलतात, काय बोलणार) की गोंद नीट धरत नाही आणि पहिल्या जोरातच सुटतो. केस काढलेले हवेत, कातडी कोरडी हवी, क्रीम-तेल अजिबात नको, टोकाला थोडी जागा सोडायची म्हणजे पीळ पडत नाही. आणि नळी हार्नेसच्या (टाकी अंगावर बांधतो तो) पट्ट्याखाली दुमडली तर लघवीला वाटच राहत नाही, मग बरोबर साइजचा कॅथेटर पण उडतो.

हे उत्तर लिहायला बसलो ते मात्र तुमच्या शेवटच्या ओळीसाठी, "आता आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही, प्रश्न मिटला." असं करू नका प्लीज. पाण्यात उतरलं की हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, थंडीने अजून जास्त, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय आणि किडनी ते बाहेर टाकायला लागते, तुम्ही प्यायलेला असा नाहीतर नसा. म्हणजे लघवी लागणारच, फक्त तुम्ही आधीच सुकलेले असाल, आणि डीहायड्रेशनने डीसीएसचा (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) धोका वाढू शकतो. लोकांनी निवांत पाणी प्यावं म्हणून तर हा व्हॉल्व्ह असतो.

व्हॉल्व्हचे पैसे परत मिळणार नाहीत, वस्तू चांगली आहे. पण वेगवेगळ्या साइजचे सँपल देतो, आतल्या खोलीत, दुसरं कोणी नसताना. आणि डाइव्हनंतर नळी-व्हॉल्व्ह जंतुनाशकाने धुऊन मग साध्या पाण्याने काढत जा, तुमचा आला तेव्हा वासावरूनच कळलं धुतला नव्हता, यातून लघवीचं इन्फेक्शन होऊ शकतं. येताना हार्नेस पण आणा, पट्टा नळीवर कुठे दाबतोय ते सगळं अंगावर चढवल्याशिवाय दिसत नाही.