आराखडा मंजूर करून घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झालात, अभिनंदन! आता पीएच.डी.चा आराखडा लिहायचा. पण लगेच विषय शोधायला बसू नका, आधी गाइड शोधा. यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी, एवढीच मर्यादा. ज्यांच्याकडे जागा रिकामी, त्यांचा विषय तुमच्या आवडीचा. अगदी लहानपणापासून.

समजा, सरांनी बचत गट दिले. शीर्षक असं घ्या : ‘महिला सक्षमीकरणातील स्वयंसहायता बचत गटांच्या योगदानाचा चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : अमुक तालुका, कालखंड 2012 ते 2022)’. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, असले प्रबंध आधीच पडलेत म्हणून बिचकू नका. तालुका बदलला की ज्ञानात मौलिक भर पडते, आणि महाराष्ट्रात तालुके 358 आहेत.

प्रस्तावना वेदकाळापासून. गार्गी-मैत्रेयी आटोपल्या की थेट 1848, भिडेवाडा, सावित्रीबाई. मग 1975चं माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), 1992 साली नाबार्डने बँकांशी गट जोडायला घेतले ते. तुमचा तालुका नवव्या पानावर उगवला तरी हरकत नाही. तिथवर कोणी येत नाही.

खरी कसोटी गृहीतकाची. ते असं हवं की ‘नाही’ म्हणायची कोणाची छाती होऊ नये : ‘बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाले आहे.’ शेवटच्या प्रकरणात याच वाक्यापुढे ‘असे दिसून आले’ जोडलं की निष्कर्षही तयार. इथे एकच धोका संभवतो. एखादी ओळखीची बाई सहज बोलून गेलेली असते की, गटाचा हप्ता भरायला मायक्रोफायनान्सचं कर्ज काढलं आणि त्याचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं. मग तुम्हाला वाटायला लागतं, गटाचं रजिस्टर एवढं चोख, तर हे कर्ज नेमकं कोणासाठी निघतं? आवरा स्वतःला. याचं उत्तर हवं तर त्याच घरी पुन्हा पुन्हा जावं लागेल, तेही नवरा बाहेर गेलेला बघून. शिवाय काय निघेल ते आधी सांगता येत नाही, आणि आराखड्यात तर ‘अपेक्षित निष्कर्ष’ लिहायचे असतात. फारच राहवलं नाही तर ‘अभ्यासाच्या मर्यादा’मध्ये एक ओळ टाका.

नमुना 100 महिलांचा घ्या. कारण विचारलं तर ‘प्रातिनिधिक’ म्हणा. खरं कारण, टक्केवारी काढावी लागत नाही. निवड ‘यादृच्छिक’ लिहायची आणि मावशीच्या गटापासून सुरुवात करायची. प्रश्नावलीत ‘गटामुळे आपला आत्मविश्वास वाढला का? होय / नाही’ हा प्रश्न हवाच. तो गटाच्या अध्यक्षबाई शेजारी बसलेल्या असताना विचारावा.

संदर्भसूचीत मात्र हयगय नको. समितीवर कोण आहे ते आधी काढा आणि त्यांची पुस्तकं घाला, वाचलेली नसली तरी. जाणते सदस्य आराखडा मागून उघडतात, सूचीवरून बोट फिरवतात, स्वतःचं नाव लागलं की चष्मा काढून प्लेटमधल्या वड्याकडे वळतात. मग एकच प्रश्न येतो, ‘‘याचा समाजाला उपयोग काय?’’ ‘‘शासनाला धोरण ठरवताना मार्गदर्शक ठरेल, सर.’’ हे म्हणताना हसू नका, कोणीच हसत नाही.

एवढं करून एक दुरुस्ती निघतेच : ‘योगदानाचा’ऐवजी ‘भूमिकेचा’ करा. ‘‘अगदी बरोबर, सर’’ म्हणा, पहिलं पान बदला आणि नव्याने स्पायरल करून आणा. बाकीची पानं तीच राहू द्या.