क्लाइड मॅकफॅटर: ड्रिफ्टर्स उभे केले आणि विकूनही टाकले

'होम अलोन'मधला तो पोरगा आरशासमोर उभा राहून, कंगवा माइकसारखा धरून 'व्हाइट ख्रिसमस' म्हणतो, आठवतंय? डिसेंबरात टीव्हीवर कुठे ना कुठे हा सिनेमा लागतोच. ते रेकॉर्ड १९५४ सालचं, ड्रिफ्टर्स नावाच्या गटाचं. गाणं अर्व्हिंग बर्लिनचं आणि तोवर बिंग क्रॉस्बीच्या आवाजात घराघरांत गेलेलं. ड्रिफ्टर्सनी त्याचं पार रूपच पालटलं. आधी बिल पिंकनी खर्जात, खुर्चीत रेलून बसल्यासारखा निवांत म्हणतो. मग वरच्या पट्टीतून दुसरा आवाज आत शिरतो आणि 'आय' हा एवढासा शब्द तुकड्यातुकड्यांत मोडून, प्रत्येक तुकड्याला हरकत देऊन मगच पुढे सरकतो. हा दुसरा आवाज क्लाइड मॅकफॅटरचा. या माणसावर मला आज लिहायचंय, कारण त्याच्याबद्दल जिथे वाचावं तिथे एकच सूर असतो: केवढा गुणी गायक, पण दारूने संपवला.

दारूने संपवला हे खरंच आहे. १३ जून १९७२ ला तो गेला तेव्हा अवघा ३९ वर्षांचा होता. हृदय, यकृत, मूत्रपिंडं, सगळंच निकामी व्हायला आलं होतं. पण दारू शेवटी आली. त्याच्या कारकिर्दीचा कणा मोडला तो त्याच्या कितीतरी आधी, भर यशात, एका सहीने. माझं तरी हेच मत आहे.

जन्म १९३२ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरमचा. वडील बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचनकार, त्यामुळे गाणं चर्चमधूनच आलं. पुढे कुटुंब न्यू जर्सीला आणि मग न्यूयॉर्कला आलं. तिथे हा मुलगा माउंट लेबनन सिंगर्स या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, गटात गाऊ लागला. गॉस्पेल गायकाची रीत अशी की शब्दातलं एक अक्षर पकडायचं आणि त्यावर पाचसात सुरांची फिरत करायची. आपल्या कानांना यात नवल वाटणार नाही, आपण हरकती-मुरक्यांवरच वाढलोय. पण १९५०-५१ च्या अमेरिकेत चर्चमधली ही गायकी चर्चमध्येच ठेवायची असा दंडक होता. प्रेमाबिमाची गाणी तशी गायची म्हणजे जवळजवळ पाप. मॅकफॅटरने तेच केलं. याचं श्रेय सर्रास रे चार्ल्सला दिलं जातं. रे चार्ल्स थोरच, पण त्याचं 'आय गॉट अ वुमन' बाजारात आलं १९५४ च्या अखेरीला. मॅकफॅटरचं 'हॅव मर्सी बेबी' १९५२ चं आहे आणि ते दहा आठवडे आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या गायकांच्या तेव्हाच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. प्रार्थनेतली 'दया कर' ही आळवणी उचलून त्याने ती थेट रुसलेल्या बाईपुढे ठेवली. याच काळातलं 'द बेल्स' ऐका. अंत्ययात्रेचं गाणं, आणि त्यात हा पठ्ठ्या चक्क हमसून हमसून रडतो. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं, पण पुढे अंगावर काटा येतो.

ही गाणी डॉमिनोज या गटाची. गटाचा मालक बिली वॉर्ड हा शिस्तीचा, शिकलेला संगीतकार. नाव त्याचं, गट त्याचा, गाणी त्याची आणि त्याच्या भागीदार रोझ मार्क्सची. गाणारे सगळे पगारी. जुन्या नाटक कंपनीत मालक एक आणि टाळ्या घेणारा नट दुसराच असायचा, तसा हा मामला. आठवड्याला शंभर डॉलर, त्यातून कर, जेवण आणि हॉटेलचं भाडं कापून जे उरेल ते हातात. वर शिस्त मोडली की दंड. आणि कहर म्हणजे मॅकफॅटरला पुष्कळदा 'क्लाइड वॉर्ड' म्हणून पुढे केलं जायचं, म्हणजे लोकांना वाटावं हा बिलीचा भाऊ. ज्यांना तेवढंही माहीत नव्हतं त्यांचा समज असा की गाणारा बिली वॉर्डच. देशभर रेकॉर्डं वाजतायत आणि आपल्याच गल्लीत उभं राहिल्यावर कोकाकोलाची बाटली घ्यायला खिशात पैसे नाहीत, अशी आठवण मॅकफॅटरनेच पुढे सांगितली आहे.

१९५३ मध्ये तो तिथून बाहेर पडला. त्याच्या जागी उभा राहिला जॅकी विल्सन, पुढे स्वतःच मोठा गायक झालेला, म्हणजे वॉर्डचं नशीब बघा! तिकडे अटलांटिक रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा अहमद एर्टेगन डॉमिनोजना ऐकायला बर्डलँड क्लबात गेला, तर मॅकफॅटर मंचावर नाही. चौकशी केली तर कळलं, गट सोडला. एर्टेगन गाणं अर्धवट टाकून त्याला हुडकायला निघाला आणि हुडकून करार केला. म्हणाला, स्वतःचा गट उभा कर. तो गट म्हणजे ड्रिफ्टर्स. आधी माउंट लेबननच्या जुन्या सोबत्यांना घेऊन रेकॉर्डिंग झालं, पण ते अटलांटिकच्या पसंतीस उतरलं नाही. मग दुसरा संच जमवला. त्यात बिल पिंकनी होता, अँड्र्यू आणि गेरहार्ट थ्रॅशर हे भाऊ होते. या संचाने 'मनी हनी' गायलं आणि ते अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

'मनी हनी' जरा कान देऊन ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला बाकीचे गायक एक घुमणारा हुंकार धरतात, तानपुऱ्यासारखा सतत, पण ठेक्यावर डोलणारा. त्यावर मॅकफॅटर गोष्ट सांगू लागतो: घरमालक भाड्यासाठी दाराची घंटा वाजवतोय आणि हा उघडतच नाही. गोष्ट मजेत चाललेली असते. मग सॅक्सोफोन सुरू होण्याच्या ऐन क्षणी त्याच्या गळ्यातून एक आरोळी निघते, आणि इतका वेळ सभ्यपणे चाललेलं गाणं हातातून सुटतं. जेसी स्टोनने लिहिलेलं हे गाणं पुढे एल्विसनेही गायलं. एल्विसने मॅकफॅटरची आणखीही गाणी घेतली: 'सच अ नाइट', 'विदाउट लव्ह', आणि 'व्हाइट ख्रिसमस' तर जवळजवळ ड्रिफ्टर्सच्याच चालीत. एल्विस चोर होता वगैरे भांडण मला इथे काढायचं नाही. त्याला चांगलं काय ते कळत होतं, एवढंच म्हणतो.

आता ती सही. डॉमिनोजमध्ये पोळलेल्या मॅकफॅटरने ड्रिफ्टर्समध्ये स्वतःचा मोठा वाटा राखून ठेवला होता. या बाबतीत तो त्याच्या काळातल्या बहुतेक गायकांपेक्षा शहाणा होता. १९५४ मध्येच सैन्यात भरतीचा हुकूम आला. नेमणूक न्यूयॉर्क राज्यातच, बफेलोला, त्यामुळे सुटीत रेकॉर्डिंग जमायचं. पण गट चालवणं वेगळं. सैन्यातून सुटल्यावर एकट्याने गायचं त्याने ठरवलं होतं आणि आपला वाटा त्याने मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलला विकला.

बस्स. ड्रिफ्टर्स हे नाव एका गायकाच्या हातून एका मॅनेजरच्या हातात गेलं. तिथून पुढे त्या नावाखाली जो कुणी गायला तो पगारावर. पिंकनीने पगारवाढ मागितली तर त्याला काढून टाकलं. १९५८ मध्ये ट्रेडवेलने अख्खा गटच घरी बसवला. अपोलो थिएटरचे कार्यक्रम तर ठरलेले होते, मग फाइव्ह क्राउन्स नावाच्या दुसऱ्याच गटाला ड्रिफ्टर्सचं नाव चिकटवून मंचावर उभं केलं. त्यात बेन ई. किंग होता. पुढच्या वर्षी त्याच्याच आवाजात 'देअर गोज माय बेबी' आलं आणि प्रचंड चाललं. लगेच १९६० मध्ये पैशांवरून तोही बाहेर पडला. म्हणजे ज्या जाचाला कंटाळून मॅकफॅटर बिली वॉर्डकडून पळाला, तोच जाच त्याने हाताने आपल्या सोबत्यांच्या गळ्यात बांधला. त्याला याचा पुढे पश्चात्ताप झाला होता.

यात काळ्या गायकांना गोऱ्या धंदेवाल्यांनी लुटल्याची नेहमीची मांडणी पुरत नाही. ट्रेडवेल स्वतः काळा, स्वतः ट्रम्पेट वाजवणारा, एकेकाळी जॅझ गायिका सारा व्हॉनचा नवरा. त्याला एक गोष्ट इतरांच्या आधी कळली: लोक नाव ऐकून तिकीट काढतात, आत चेहरे कुणाचे याची फार चौकशी करत नाहीत. कायद्याने त्याचं चुकलं असं काही नाही. मला तो आवडत नाही, हा भाग वेगळा.

आणि मॅकफॅटरलाही फार दोष कसा द्यायचा? पोरगा बाविशी-तेविशीचा. हे गट म्हणजे दोन-चार वर्षांचा खेळ, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत. वीस-तीस वर्षांनी इंग्लंडात ड्रिफ्टर्सच्या नावावर हाउसफुल्ल कार्यक्रम होतील, हे १९५५ मध्ये सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

पण माझी तक्रार पैशांपुरती नाही. तो गटाचाच गायक होता. एकट्याने गाऊ लागल्यावर यश मिळालं, नाही असं नाही. 'ट्रेझर ऑफ लव्ह' १९५६ मध्ये आर अँड बीत पहिलं आलं. पण ती रेकॉर्डं ऐकताना मागे व्हायोलिनं आणि गुळगुळीत कोरस यांचा असा थर लागतो की त्याचा आवाज कशावर आपटतच नाही. पिंकनी आणि थ्रॅशर बंधू मागे असायचे तेव्हा तो मोकाट सुटायचा, कारण परत यायला खाली भक्कम जमीन होती. याचा पुरावा म्हणजे त्याचं एकट्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं, १९५८ चं 'अ लव्हर्स क्वेश्चन'. ते सुरू होतं खर्जातल्या एका माणसाच्या आवाजाने, जो गळ्याने नुसता ठेका धरतो. म्हणजे सोडून दिलेला गटच मागच्या दाराने परत आला! आणि बघा, लगेच आवाज कसा खुलतो.

१९५९ मध्ये अटलांटिक सोडून तो एमजीएम या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, मग मर्क्युरीकडे. १९६२ चं 'लव्हर प्लीज' पॉपच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्यानंतर उतरणच. ज्या गायकीची वाट त्याने पाडली तीच आता सोल म्हणून सगळीकडे वाजत होती आणि त्याच्याकडे काम नव्हतं. १९६८ मध्ये इंग्लंडला गेला, तिथे जुने चाहते होते, पण पोट भरेल असं काही घडलं नाही. १९७० मध्ये परतला. 'वेलकम होम' नावाचा अल्बम निघाला, फारसा कुणी घेतला नाही. दोन वर्षांत माणूसच गेला.

मग रीतसर कौतुक सुरू झालं. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये एकट्याचं नाव, १९८८ मध्ये ड्रिफ्टर्ससोबत पुन्हा. दोनदा तिथे गेलेला तो पहिलाच माणूस. १९९३ मध्ये टपाल तिकीटही निघालं, २९ सेंटचं.

ऐकणार असाल तर सुरुवात 'मनी हनी'पासून करा, मग 'हॅव मर्सी बेबी', मग 'हनी लव्ह'. 'द बेल्स' हेडफोन लावून ऐका, घरात बाकीच्यांना उगाच घोर नको. 'अ लव्हर्स क्वेश्चन' कधीही चालेल. एमजीएमची गाणी सगळ्यात शेवटी, आणि नाही ऐकलीत तरी काही बिघडत नाही. त्या काळातलं एखादं चांगलं गाणं माझ्या नजरेतून सुटलं असेल तर कमेंटमध्ये टाका, वाद घालायला मी तयार आहे.