दुसऱ्याच्या देवाची पोलखोल कशी करावी?

डिसेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिथ्र नावाचा रोमन काळातला देव अवतरतो. यंदाही अवतरला. कुमारिकेच्या पोटी २५ डिसेंबरला जन्म, १२ शिष्य, क्रूसावर मरण, तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत. ख्रिश्चनांनी सगळं ढापलं. आणि हा मिथ्र म्हणजे ऋग्वेदातला आपलाच मित्र, सबब मूळ माल आपला. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी दोन ओळींची शंका काढली, तर उत्तर आलं, ‘सर, तुम्ही फार पुस्तकी बोलता.’

बरं. पुस्तकी नको. पण ही कला करायचीच तर उस्तादांकडून तरी शिका! दुसऱ्या ते चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनी धान्याची ग्रीक देवी डिमिटर, वाइनचा देव डायोनिसस आणि मिथ्र यांच्या गुप्त दीक्षाविधींचा असा काही समाचार घेतलाय की तुमचे फॉरवर्ड त्यापुढे बालवाडीतले वाटावेत.

पहिला धडा: आधी कोण, नंतर कोण, या भानगडीत पडू नये. इ. स. १५५ च्या सुमाराला रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकापुढे पेच होता. डायोनिसस देवाचा मुलगा, त्याचे तुकडे झाले, तो स्वर्गात गेला, वर द्राक्षं आणि वाइन. आणि हे सगळं ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचं. जस्टिन डगमगला नाही. म्हणाला, सैतानांनी संदेष्ट्यांची भाकितं चोरून ऐकली आणि नक्कल आगाऊच करून ठेवली. मिथ्राच्या दीक्षेत भाकरी आणि पाण्याचा पेला ठेवतात? तीही त्यांचीच नक्कल. म्हणजे चोरी आधी, माल नंतर. याला म्हणतात आत्मविश्वास.

दुसरा धडा: ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारू नये.

तिसरा धडा: जमल्यास समोरचा देवच पळवावा. ही युक्ती समोरच्यालाही जमायची. बिशप ऑगस्टिनने एका टोपीवाल्या देवाच्या पुजाऱ्याचा किस्सा दिलाय. तो पुजारी म्हणायचा, ‘आमचा टोपीवालासुद्धा ख्रिस्तीच आहे.’

चौथा धडा: गुपित फोडावं, आणि फोडताना नाक मुरडावं. अथेन्सजवळच्या एल्युसिसला दरवर्षी डिमिटरची दीक्षा होत असे आणि आतलं बाहेर सांगणाऱ्याला मृत्युदंड होता. इ. स. पू. ४१५ मध्ये हे विधी घरात थट्टेने केल्याच्या आरोपावरून खुद्द अथेन्सचा सेनापती अल्किबियाडीस याला ही शिक्षा ठोठावली गेली. तो निसटला म्हणून वाचला. लोकांनी तोंडं इतकी घट्ट मिटली की आज आपल्याकडे आतलं जे काही थोडं आहे, ते बरंचसं शत्रूंनी लिहिलेलं. त्यातला बडा शत्रू अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने दीक्षितांचा परवलीचा मंत्रच छापून टाकला: उपवास केला, जवाचं पेय प्यायलो, पेटीतून घेतलं, काम करून टोपलीत ठेवलं, टोपलीतून परत पेटीत. कसलं काम? पत्ता नाही. मग पवित्र पेट्यांची झडती. निघालं काय, तर तिळाच्या वड्या, मिठाचे खडे, डाळिंबं, खसखस, डायोनिससचा एक साप. हे तुमचं पवित्र, म्हणून हसला. दुःखी डिमिटरला हसवणाऱ्या बाउबोची चावट गोष्ट मात्र पद्यासकट दिली, वाचकाची गैरसोय नको म्हणून. हा स्वतः आत गेला होता, ऐकून लिहीत होता की जुन्या पुस्तकातून उतरवत होता, ते सांगत नाही. आणि याच पुस्तकाच्या शेवटी गडी काय करतो? खरे गुप्तविधी आमचेच म्हणतो! मशाली आल्या, दीक्षा आली, शिक्का आला, दीक्षा देणारा पुजारी साक्षात प्रभू. शिव्या घालून झाल्यावर त्यांचाच सगळा पोशाख अंगावर चढवला. चौथ्या शतकात तर बाप्तिस्मा न झालेल्यांना मुख्य विधीआधी चर्चबाहेर काढत, आणि विधीचा अर्थ बाप्तिस्मा झाल्यावरच सांगत. टोपली गेली, दार तेवढंच बंद!

यातलं सगळ्यात संतापजनक सांगू? हेच ख्रिस्ती एकेकाळी अशाच अफवांचे बळी होते. पिठात लपवलेलं तान्हं मूल नवख्याकडून मारून घेतात, रात्री दिवा विझवून काय काय करतात, असं लोक म्हणत. मिनुकियस फेलिक्स या ख्रिस्ती लेखकाने हे आरोप लिहून ठेवलेत आणि खोडलेतही. रात्र, गुपित, व्यभिचार. अंगावरचा चिखल वाळायच्या आत तोच उचलून दुसऱ्याच्या अंगावर.

पाचवा धडा: सत्ता हाताशी आली की टिंगल पुरे, अर्ज करावा. फर्मिकस मातेर्नस या ख्रिस्ती लेखकाने ३५० च्या आसपास सम्राटांना लिहिलं: देवळांचे दागिने काढा, देव टांकसाळीच्या आगीत वितळवा. हा आधी ज्योतिषावर जाडजूड ग्रंथ लिहून बसलेला माणूस. ३६४ मध्ये रात्रीच्या विधींवर बंदी आली तेव्हा ग्रीसचा राज्यपाल प्रेटेक्स्टाटस आडवा पडला, की याशिवाय ग्रीकांना जगणं अशक्य होईल; तेवढ्यापुरतं निभावलं. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसचा जुन्या देवांच्या पूजेवर बंदीचा हुकूम आला, मग ३९५-९६ मध्ये गॉथांचा राजा अलारिक याच्या फौजा आल्या, आणि एल्युसिस संपलं. टिंगलीपासून टांकसाळीपर्यंतचा रस्ता असा असतो.

आणि तुम्ही! ‘जस्टिननेच कबूल केलंय’ म्हणून ठोकून देता. काय कबूल केलंय? भाकरी आणि पाणी, एवढंच. मिथ्र खडकातून जन्मला, तेही शिल्पांत शेकडो वर्षं दिसतंय. त्याच्याभोवती कोरलेल्या असतात त्या १२ राशी, शिष्य नव्हेत. क्रूसावर तो कुठल्याही प्राचीन लेखात नाही. २५ डिसेंबरला ३५४ च्या रोमन पंचांगात ‘अजिंक्याचा जन्म’ (बहुधा सूर्यदेवाचा) आहे, सोबत रथांच्या ३० शर्यती. मिथ्राचं नाव नाही. त्याच्या भक्तांनी एक पुस्तक मागे ठेवलं नाही, म्हणून त्यांच्या तोंडी वाटेल ते घालायचं? चर्चच्या लेखकांनी निदान शत्रूला वाचलं तरी होतं. तुम्ही ना त्यांना वाचलंत, ना यांना. शेजाऱ्याच्या सणाच्या दिवशी त्याच ग्रुपवर, तो वाचणार हे ठाऊक असून, हे टाकायला लाज कशी वाटत नाही? जस्टिनचं ते प्रकरण अर्ध्या पानाचं आहे, फुकट मिळतं. तेवढंही वाचवत नसेल तर गप्प बसा.