‘ऐंशी हजारांत एक्स्टेंडेड टमी टक’: त्या मेसेजमधला एकेक दावा

ठाणे, ऐरोली, वाशीतल्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: एक्स्टेंडेड टमी टक (पोटाची आणि कमरेच्या बाजूंची लोंबती कातडी काढायचं ऑपरेशन) ८० हजारांत होतं, दोन-तीन लाख सांगणारे डॉक्टर लुटतात, ‘एक्स्टेंडेड’ हे पैसे वाढवायचं नुसतं नाव, हर्निया लिहून घेतला की मेडिक्लेममध्ये बसतं, सकाळी ॲडमिट, संध्याकाळी घरी, आठवड्यात ऑफिस.

मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग डेस्कवर आहे. एस्टिमेट काढून देणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज दाखवत येणाऱ्या बहुतेकींनी नेटाने वजन उतरवलेलं असतं, काहींची बेरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याची, सर्जरी झालेली असते. वजन गेलं, कातडी मात्र लोंबत राहिली. तिच्या घडीत पावसाळ्यात घाम साचतो, चट्टे उठतात, बुरशी धरते. अशा बाईने चुकीच्या आकड्यावर विसंबून पैसे जमवावेत आणि ऐनवेळी दागिने गहाण टाकायची पाळी यावी, हे मला बघवत नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी ते ८० हजार. असा आकडा दिसला की तो कशाचा, हे विचारा. बरेचदा ती फक्त सर्जनची फी असते, नाहीतर बेंबीखालच्या छोट्या, मिनी टमी टकची रक्कम. एस्टिमेटवर सर्जनच्या खाली असिस्टंट, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायचं सामान), रूम, नर्सिंग, औषधं अशा ओळी येतात. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट ॲडमिट होण्याआधीच करून घ्यावं लागतं. ऑपरेशननंतर पोटावर घालायचे घट्ट कॉम्प्रेशन गारमेंट दोन लागतात, एक धुवायला टाकला की दुसरा अंगावर. ही खरेदी एस्टिमेटमध्ये सहसा नसतेच.

वर जीएसटी. उपचारांवर जीएसटी नसतो असं बरेचजण धरून चालतात, पण कॉस्मेटिक सर्जरीला ती सूट नाही, तिथे १८ टक्के लागतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायचा असेल तेवढ्यापुरती सूट आहे. वजन उतरल्यावर लोंबलेली कातडी त्यात येत नाही. अडीच लाखांच्या बिलावर ४५ हजार नुसता कर होतो. म्हणून ‘जीएसटी धरून की सोडून’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पेशंटला कोणी समजावून सांगत नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत रूमची कॅटेगरी बदलली की फक्त भाडं बदलत नाही; सर्जन, भूल, ओटी सगळ्याच ओळी वर सरकतात. सर्जन तोच, टेबल तेच, पण ट्विन शेअरिंगऐवजी सिंगल रूम घेतली म्हणून बिल फुगतं. खर्च आवाक्यात आणायचा असेल तर कात्री इथे लावा. भूलतज्ज्ञावर किंवा रात्रीच्या देखरेखीवर लावू नका.

‘एक्स्टेंडेड हे नुसतं नाव’ हा दावा तर सरळ खोटा आहे. नेहमीच्या टमी टकमध्ये छेद एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जातो. एक्स्टेंडेडमध्ये तो कमरेला वळसा घालून कुशीच्या मागे जातो, कारण सैल कातडी तिथेही असते. सुटलेले पोटाचे स्नायू शिवून जवळ आणतात आणि बेंबीला नव्या जागी वाट करून देतात. जास्त लांबीचा छेद म्हणजे जास्त टाके आणि भुलेखाली जास्त वेळ. नेहमीचं टमी टक साधारण दोन-तीन तासांत होतं, हे चार-पाच तासांपर्यंत जाऊ शकतं. पैसे वाढतात ते या तासांचे. याने वजन मात्र उतरत नाही, मेसेजमध्ये काहीही सूचित केलेलं असो. उलट वजन निदान सहा महिने एका जागी टिकलेलं असावं, असंच सर्जन सांगतात.

मेडिक्लेमचा सल्ला सगळ्यात घातक. कॉस्मेटिक सर्जरी विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या गोष्टींत, आहे, पॉलिसीत कोड ०८ शोधा. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीला थेट धोका असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलेले उपचार, एवढेच अपवाद. हर्निया खरोखर असेल तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च मागता येतो. बहुतेक पॉलिसींत त्यालाही वेटिंग पिरियड असतो. कातडी काढण्याचा भाग वेगळा, तो खिशातूनच. नसलेला हर्निया लिहून घेणं ही फसवणूक आहे. विमा कंपनीने सोनोग्राफी आणि ऑपरेशन नोट्स मागवल्या की ती उघडी पडते. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

संध्याकाळी घरी? एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून पोटऱ्यांना पंप लावतात, गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देतात आणि दुसऱ्या दिवशी धरून चालवतात. त्यासाठी एक-दोन रात्री राहावं लागतं.

घरी जाताना बहुतेकींच्या कमरेला ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, लटकत असतात. नळीतून येणारं लालसर पाणी रोज मापाच्या भांड्यात ओतायचं आणि वहीत मिलीलिटर लिहायचे. ते दिवसाला तीसेक मिलीच्या आत आलं की सर्जन नळी काढतात. घाई केली तर कातडीखाली पाणी साचतं आणि ते सुईने उपसायला पुन्हा फेऱ्या. सुरुवातीला कमरेत वाकूनच चालावं लागतं. खुर्चीवरच्या कामाला दोन-तीन आठवडे, जड उचलायला सहा आठवडे धरा. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत आठवड्याभरात उभं राहायचा विचारही नको. बिनपगारी रजा आणि घरातल्या कामाला ठेवलेली बाई हाही खर्चच आहे.

‘लुटतात’ या शब्दामागचा राग मला कळतो. आकडा तोंडी सांगायचा आणि डिस्चार्जच्या वेळी वेगळं बिल हातात द्यायचं, असं घडतं. त्यावर उपाय स्वस्त जाहिरात नाही. लेखी, ओळवार एस्टिमेट मागा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, ते बघा. परवडतच नसेल तर सायनच्या पालिका रुग्णालयातही प्लास्टिक सर्जरी विभाग आहे; तिथे दाखवून मत घ्या. आणि एक ओळ एस्टिमेटवर मुद्दाम लिहून घ्या: छेदाच्या टोकाला कातडीचा उंचवटा राहिला किंवा व्रण दुरुस्त करावा लागला, तर त्या दुसऱ्या वेळची सर्जनची फी आणि ओटीचे पैसे कोण भरणार.